एव्हरेस्ट बेस कॅम्प: बारा दिवसांचा कार्यक्रम घ्यावा की सात दिवसांचा?

प्रश्न: अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. पुढील वर्षी मी, माझे पती आणि आमची मुलगी असे तिघेजण नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करण्याचा विचार करीत आहोत. माझे वय ५२, पतींचे ५७ आणि मुलीचे २६ आहे. आम्ही दोघे गेली आठ वर्षे आठवड्यातून चार दिवस अजिंक्यतारा चढतो, महिन्यातून एकदा जरंडेश्वर करतो आणि सह्याद्रीतील बहुतेक मोठे किल्ले पायाखालून घातलेले आहेत. हिमालयात मात्र आजवर एकदाही गेलेलो नाही. पतींना रक्तदाबाची रोज एक गोळी चालू आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे.

स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याइतका अनुभव नसल्यामुळे गाइड घेऊनच जायचे, हे आमचे पक्के ठरले आहे. दोन संस्थांकडून आराखडे मागवले आहेत. पहिल्या आराखड्यात लुक्ला (जेथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते) ते लुक्ला बारा दिवस आहेत आणि नामचे बाजार व डिंगबोचे येथे प्रत्येकी एक जादा मुक्काम आहे. दुसऱ्या आराखड्यात सगळे सात दिवसांत बसवले आहे: फाकडिंग, नामचे, टेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरकशेप असा रोज पुढचा मुक्काम, आणि सातव्या दिवशी पहाटे काला पत्थर (एव्हरेस्ट दिसणारी उंच जागा) करून गोरकशेपहून हेलिकॉप्टरने परत. दोन्हींचा खर्च जवळपास सारखा आहे. मुलीला नोकरीतून रजा मिळणे अवघड असल्यामुळे तिचा ओढा दुसऱ्याकडे आहे. ‘तुम्ही नियमित गड चढणारी माणसे आहात, तुम्हाला विश्रांतीचे दिवस लागणार नाहीत,’ असे दुसऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. हे कितपत बरोबर आहे? आणि पैसे भरण्यापूर्वी संस्थेला नेमके काय विचारून घ्यावे? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: हिमवाट (पुणे)

ताई, हा ट्रेक मी दोनदा केला आहे, एकदा वसंतात आणि एकदा शरदात, आणि दोन्ही वेळा गाइडबरोबरच गेलो होतो. आपला प्रश्न दिवसांचा आहे आणि संपूर्ण ट्रेकचे यशापयश त्यावरच अवलंबून असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

आपण दिलेले मुक्काम उंचीसकट एका कागदावर लिहून काढा. फाकडिंग २,६१० मीटर, नामचे ३,४४०, टेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४० आणि गोरकशेप ५,१६४. नकाशानकाशांत वीस-तीस मीटरचा फरक आढळतो, तो सोडून द्यावा. आता प्रत्येक रात्री आपण आदल्या रात्रीपेक्षा किती उंचावर झोपणार आहात ते पाहा. फाकडिंग ते नामचे ८३०, नामचे ते टेंगबोचे ४२०, टेंगबोचे ते डिंगबोचे ५५०, डिंगबोचे ते लोबुचे ५३० आणि पुढे २२४. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजेच नामचेची दुसरी रात्र आणि डिंगबोचेची दुसरी रात्र या दोन रात्रींवरच हा सगळा आराखडा तोललेला आहे. त्या काढून टाकल्या की उरतो तो केवळ दाटीवाटीचा प्रवास.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात आणून देतो. बारा आणि सात यांत पाच दिवसांचा फरक दिसत असला, तरी वर जातानाचा फरक फक्त दोन दिवसांचा आहे. पहिल्या आराखड्यात आपण आठव्या रात्री गोरकशेपला झोपता, दुसऱ्यात सहाव्या रात्री. बाकीचे तीन दिवस पायी उतरण्यात आणि लुक्लाच्या विमानासाठी जातात. त्यामुळे मुलीच्या रजेचा प्रश्न खरोखरच अडत असेल, तर संस्थेला सांगा की वर जाताना दोन्ही विश्रांतीचे दिवस ठेवा आणि परतीला हेलिकॉप्टर द्या. तो कार्यक्रम नऊ दिवसांत होतो आणि त्यात सुरक्षिततेशी तडजोड होत नाही. माझे मत विचाराल तर उतरतानाचे दिवसही चुकवू नयेत, कारण जाताना धापा टाकत पाहिलेला तोच मुलूख परतताना डोळे भरून पाहता येतो. पण तो आवडीचा भाग झाला.

‘विश्रांतीचा दिवस’ या शब्दाने गैरसमज होतो, म्हणून तेही सांगतो. त्या दिवशी अंथरुणात पडून राहायचे नसते. नामचेहून सकाळी स्यांगबोचेच्या धावपट्टीपर्यंत, म्हणजे साधारण ३,७८० मीटरपर्यंत, किंवा त्याच्याही थोडे वर चढून जायचे, तासभर तेथे काढायचा आणि जेवायला पुन्हा नामचेला उतरायचे. डिंगबोचेला गावामागच्या नागार्जुनच्या टेकडीवर जमेल तितके चढायचे आणि परत यायचे. दिवसा वर चढावे आणि रात्री खाली झोपावे, हे त्यामागचे तत्त्व आहे.

चांगला गाइड कसा ओळखावा, याचे एक उदाहरण देतो. दुसऱ्या दिवशी लार्जाचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेपर्यंत सुमारे सहाशे मीटरचा सलग चढ लागतो. आम्ही सगळे सिंहगडाला सरावलेले, त्यामुळे पुलापलीकडे पाय ठेवताच नेहमीच्या वेगाने सुटलो. आमचा गाइड सोलुखुंबूचाच होता, वयाने पस्तिशीचा. त्याने काहीही न बोलता स्वतः सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहणे पसंत केले आणि मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा चवडा लागेल इतक्या हळू चालू लागला. ‘बिस्तारै, बिस्तारै’ एवढाच त्याचा शब्द. नाकाने श्वास घेत शेजाऱ्याशी बोलता येईल तोच योग्य वेग, तोंड उघडावे लागले की थांबायचे, असे त्याने सांगितले. पाइनच्या झाडांमधून एव्हरेस्टचे पहिले दर्शन होते त्या वळणावर आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या पुढे धावत गेलेली एक तरुण मंडळींची तुकडी वाटेच्या कडेला डोके धरून बसली होती.

संस्थेला विचारायच्या प्रश्नांत मी सर्वांत वर हा प्रश्न ठेवीन: आमच्या तिघांपैकी एकाला डिंगबोचेला त्रास झाला आणि खाली उतरावे लागले, तर त्याच्याबरोबर कोण उतरेल आणि उरलेल्या दोघांचे काय होईल? गाइडबरोबर सहायक गाइड असेल तर या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते. नसेल तर ‘तशी वेळ येत नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर मिळाले की आपला निर्णय झाला असे समजावे. त्याखालोखाल विचारावे की गाइडकडे नेपाळ सरकारचा परवाना आहे का, त्याने हा मार्ग किती वेळा केला आहे आणि वेळापत्रक बदलण्याचा अधिकार वाटेत त्याला आहे की कार्यालयाला. उत्तरे फोनवर न घेता लेखी घ्यावीत.

नियमांबद्दल थोडेसे. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांना गाइड बंधनकारक केल्याची घोषणा केली, परंतु खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या या परिसराच्या, स्थानिक पालिकेने आपल्या भागात ती सक्ती न करण्याची भूमिका घेतली. त्यामुळे या मार्गावर गाइडशिवाय जाणारे अनेकजण आपल्याला दिसतील. त्यांच्याकडे पाहून आपला निर्णय बदलू नये. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी गाइड घेणे हेच शहाणपणाचे आहे.

उत्तर २: पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

मी व्यवसायाने फिजिशियन आहे आणि खुंबूत दोनदा गेलो आहे. वरील उत्तराला वैद्यकीय बाजूने पुस्ती जोडतो. आपल्या पतींना न तपासता मी औषधोपचार सांगू शकत नाही; येथे लिहितो ते आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून.

‘गड चढणाऱ्यांना विश्रांती लागत नाही’ हे विधान चुकीचे आहे आणि धोक्याचेही आहे. अजिंक्यतारा चढल्याने पायांना आणि छातीला दम मिळतो, तो ट्रेकमध्ये फार कामाला येतो. परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्याची शरीराची क्रिया ही वेगळीच बाब आहे आणि तिला वेळच द्यावा लागतो. कळसूबाई हे आपल्याकडचे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर आहे. लुक्लाची धावपट्टीच त्याहून बाराशे मीटर उंच आहे. बेस कॅम्पवर, ५,३६४ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तेथे कोणाला त्रास होईल हे वयावरून किंवा व्यायामावरून सांगता येत नाही. उलट तरुण आणि दमदार माणसे वेगाने चढतात व दुखणे अंगावर काढतात, म्हणून आपल्या मुलीकडेही तितकेच लक्ष ठेवावे.

लक्षणे तिघांनीही पाठ करावीत. डोकेदुखी, तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, गरगरणे किंवा अतोनात थकवा असेल, तर तो उंचीचा त्रास आहे असेच धरून चालावे. ऊन लागले, झोप झाली नाही, चहा कमी पडला अशी कारणे शोधत बसू नये. अशा वेळी आहे त्याच उंचीवर थांबावे आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत एक मीटरही वर चढू नये. थांबूनही त्रास वाढत असेल तर खाली उतरावे. यापुढचे दोन प्रकार जिवावर बेतणारे आहेत. मेंदूला सूज आली तर माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, त्याचा स्वभाव बदललेला वाटतो. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितले की ते त्याला जमत नाही. फुफ्फुसात पाणी झाले तर स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते, रात्री आडवे झाल्यावर ती वाढते, खोकला येतो आणि पुढे गुलाबी फेस पडतो. या दोहोंवर खरा उपाय ताबडतोब खाली उतरणे हाच आहे. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे ही उतरायला मदत म्हणून असतात, वर थांबण्याची सोय म्हणून नव्हे.

अ‍ॅसिटाझोलामाइडविषयी आपण ऐकले असेल. डायमॉक्स या नावाने ते सर्वांना ठाऊक आहे. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून, असे देतात. त्याने शरीराचे जुळवून घेणे लवकर होते; लक्षणे झाकली जातात हा समज बरोबर नाही. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे आणि घ्यायचेच ठरले तर घरी असतानाच दोन दिवस घेऊन पाहावे. आपण बारा दिवसांचा आराखडा निवडणार असाल तर त्याची गरज लागेलच असे नाही. सात दिवसांचा निवडून त्यावर गोळीचा उतारा शोधणे मला पटत नाही.

रक्तदाबाबाबत सांगायचे तर, आटोक्यात असलेला रक्तदाब हा अडथळा ठरत नाही. मात्र उंचीवर पहिले काही दिवस तो काहीसा वाढतो. पतींच्या गोळीत कोणते औषध आहे ते डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यात लघवी वाढवणारा घटक असेल आणि वर पाणी पिणे कमी झाले तर चक्कर येऊ शकते. नाडीचा वेग रोखणारे औषध असेल तर चढावर दम लवकर सरतो. जाण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, गोळी वरही चुकवू नये आणि रक्तदाब मोजण्याचे छोटे यंत्र बरोबर ठेवावे. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळावे.

हल्ली प्रत्येक तुकडीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो आणि रात्रीच्या जेवणाला सगळेजण एकमेकांचे आकडे विचारत बसतात. गारठलेल्या बोटावर तो आकडा खोटा दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, दचकून जाग येते. हे उंचीवर अनेकांना होते, त्याने घाबरून जाऊ नये.

आणखी एक. डिंगबोचेजवळच्या फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र १९७३ पासून ट्रेकिंगच्या हंगामात चालते आणि तेथील डॉक्टर उंचीच्या आजारांवर ट्रेकर्ससाठी माहितीपर भाषणेही देतात. डिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी तेथे जाऊन येता येते. गाइडला आधीच सांगून ठेवा.

उत्तर ३: गोदाकाठ (नाशिक)

डॉक्टरांनी लिहिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहितो. आमची नऊजणांची तुकडी एका संस्थेमार्फत गेली होती. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. आराखड्यात नामचेचा जादा मुक्काम होता, डिंगबोचेचा नव्हता. नऊ माणसांमागे एक गाइड, सहायक कोणी नाही.

माझ्या मित्राचे डोके डिंगबोचेलाच दुखू लागले होते. आपल्यामुळे बाकीच्यांचा कार्यक्रम बिघडेल या विचाराने त्याने ते कोणालाही सांगितले नाही. लोबुचेला संध्याकाळी आम्ही सगळे शेगडीभोवती बसलो होतो आणि तो उजव्या हातात डाव्या हाताचा हातमोजा घालण्याचा प्रयत्न करीत होता. अंगठा नको तिकडे जात होता, तो पुन्हा काढत होता, पुन्हा तसाच घालत होता. पाच-सात मिनिटे मी ते पाहिले आणि मग मदतीला हात पुढे केला तर तो माझ्यावर ओरडला. वीस वर्षांच्या मैत्रीत तो माझ्यावर कधी ओरडलेला नव्हता. त्याला उभे करून लाकडी फळीच्या रेषेवर चालायला लावले, तेव्हा दुसऱ्याच पावलाला तो भिंतीवर गेला.

गाइड माणूस म्हणून उत्तम होता, पण नऊजणांना सोडून त्याला उतरता येईना आणि सकाळी हेलिकॉप्टर बोलावू असे कार्यालयाने त्याला फोनवर सांगितले. रात्रभर थांबण्याचा धोका आम्ही पत्करला नाही. एक पोर्टर स्वतःहून पुढे आला. त्याने आणि मी मित्राला दोन्ही बाजूंनी धरून हेडटॉर्चच्या उजेडात फेरिचेपर्यंत उतरवले. दिवसा ज्याला दोन-तीन तास लागतात त्याला आम्हाला जवळजवळ पाच तास लागले. थुकलाच्या खिंडीत, जेथे डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांची स्मारके आहेत, तेथे तो आम्ही कोण हेही नीट सांगू शकत नव्हता. थुकलाची घरे मागे टाकून नदीपात्राच्या सपाटीला लागलो तेव्हा त्याने स्वतःहून पाणी मागितले आणि मला नावाने हाक मारली. ती हाक मी विसरणार नाही. उंची कमी झाली, एवढेच औषध त्याला मिळाले होते. सकाळी केंद्रातील डॉक्टरांनी तपासून उपचार केले आणि तो पूर्ण बरा झाला.

म्हणून ताई, आपण तिघांनी घरून निघण्यापूर्वीच एकमेकांना शब्द द्यावा की रोज संध्याकाळी प्रत्येकजण आपल्याला काय होते आहे ते खरेखरे सांगेल आणि एकाला उतरावे लागले तर त्याबद्दल कोणीही त्याला बोल लावणार नाही. आमच्यात हे बोलणे झाले असते तर मित्र डिंगबोचेलाच थांबला असता.

विम्याचेही लिहितो, कारण तेथेही आम्ही ठेचाळलो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘साहसी सहल’ असे शब्द असले तरी आतल्या पानांवर उंचीची मर्यादा दिलेली असते. आमच्यापैकी दोघांची मर्यादा ४,००० मीटर निघाली, म्हणजे डिंगबोचेच्याही खाली. काला पत्थर साडेपाच हजारांच्या वर आहे, तेव्हा ६,००० मीटरपर्यंतचे संरक्षण आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च हे दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहिलेले पाहिजे. हेलिकॉप्टर मागवण्यापूर्वी विमा कंपनीची परवानगी लागते का, पैसे कंपनी थेट देते की आधी आपण भरायचे, हेही विचारून ठेवावे. नेपाळमध्ये गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार घडले होते आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने त्याची चौकशीही केली. त्यामुळे कंपन्या आता कागदपत्रे बारकाईने तपासतात.

उत्तर ४: पायवाट_मावळ (तळेगाव)

आरोग्याविषयी वर पुरेसे आले आहे. मी व्यवस्थेच्या काही बाबी लिहिते.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. मुलगी आधार कार्डावर विसंबून राहिली तर विमानतळावर अडेल. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा कमी आहे. संस्थेने तिघांचे शुल्क कोणत्या दराने धरले आहे ते पाहावे. भारतीय रुपयाला नेपाळी १.६० रुपये हा दर ठरलेला आहे, तेव्हा हिशेब सोपा आहे. नामचेच्या वर रोख नेपाळी रुपयेच जवळ ठेवावेत. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइलचे चार्जिंग, इंटरनेट यांचे पैसे बहुतेक टी-हाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या लॉजमध्ये, वेगळे पडतात आणि उंची वाढते तसे वाढत जातात.

लुक्लाच्या विमानाबद्दल संस्थेला नीट विचारा. गर्दीच्या हंगामात बरीचशी उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात, आणि तेथे पोहोचायला काठमांडूहून मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास गाडीने जावे लागते. हा प्रवास कार्यक्रमात धरला आहे का? लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांबीची, उताराची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी अशी आहे. ढग आले की उड्डाणे बंद. एक-दोन दिवस अडकून पडणे तेथे नित्याचे आहे, म्हणून काठमांडूहून मुंबई-पुण्याचे परतीचे तिकीट किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून काढावे. या विमानांत सामान साधारण पंधरा किलोच नेता येते.

आता पोर्टरविषयी, ज्याबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. आपल्या पिशव्या जो माणूस वाहणार आहे त्याच्यासंबंधी संस्थेला प्रश्न विचारणारे फार थोडे असतात. एका पोर्टरकडे दोन ट्रेकर्सचे मिळून वीस किलोच्या आसपास ओझे असावे. तिघांसाठी दोन पोर्टर मागा, एकावर भागवू देऊ नका. त्याचा विमा संस्थेने काढला आहे का, त्याच्याकडे उबदार जाकीट आणि बूट आहेत का, तो कोठे झोपतो आणि आजारी पडला तर त्याची व्यवस्था काय, हे विचारावे. अनेक पोर्टर खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात आणि उंचीचा त्रास त्यांनाही होतो. मी गेले तेव्हा आमच्या पोर्टरने कपाळपट्टीचे ओझे उतरवल्यावर त्याच्या कपाळावर उमटलेली खोल लाल रेघ पाहिली आणि त्याच रात्री माझ्या बॅगेतून चार किलो वस्तू काढून नामचेच्या लॉजवर ठेवून दिल्या. परत येताना त्या घेतल्या. वर एकीचीही आठवण झाली नाही.

खाण्याचा प्रश्न दालभाताने सुटतो. तो ताजा शिजवलेला असतो आणि पुन्हा वाढतात. नामचेच्या वर मांसाहार करू नये, कारण उद्यानात प्राणी मारण्यास बंदी असल्यामुळे मांस खालून दिवसचे दिवस पाठीवरून येते. चार हजार मीटरच्या वर भूक लागतच नाही आणि ताट पाहूनच नको वाटते. अशा वेळी आपल्या घरची चव कामाला येते: मेतकुटाची लहान पुडी, चिक्की, खजूर, लसणाची चटणी. मी लोबुचेला गरम भातावर मेतकूट घालून जेवले, तेच त्या दोन दिवसांतले माझे धड जेवण.

वाटेवर याक किंवा झोप्क्योंचा (याक आणि गाय यांच्या संकरित जनावरांचा) तांडा आला तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही. त्यांच्या पाठीवरील ओझ्याचा धक्का लागून माणसे खाली गेली आहेत. मंत्र कोरलेल्या मणी भिंती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. बूट नवे घेणार असाल तर आताच घ्या आणि ते घालून किमान दोन महिने अजिंक्यतारा चढा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने आणि वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. गोदाकाठ यांचा अनुभव आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला. हातमोजाचा प्रसंग वाचल्यावर मुलगीच म्हणाली की रजेचे मी पाहते, सात दिवसांचा विषय बंद.

काल दोन्ही संस्थांना लेखी प्रश्न पाठवले होते. पहिल्या संस्थेने गाइड आणि सहायक गाइड अशी दोघांची व्यवस्था कळवली, दोन पोर्टर मान्य केले, त्यांच्या विम्याचे कागद दाखवण्याची तयारी दर्शवली आणि वेळापत्रकाचा वाटेतला निर्णय गाइडचा राहील असे लिहून दिले. दुसऱ्या संस्थेचे उत्तर एका ओळीचे होते: आजवर आमच्या कोणालाही काही झालेले नाही. आम्ही पहिल्या संस्थेकडे जायचे ठरवले आहे. पतींची हृदयतपासणी पुढील आठवड्यात आहे; त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे असे वेष्टनावरून दिसते, ते डॉक्टरांशी बोलू.

आता एकच गोष्ट ठरायची राहिली आहे. संस्थेने एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन तुकड्या सुचवल्या आहेत. आमच्यासारख्यांनी कोणती घ्यावी?

उत्तर ५: हिमवाट (पुणे)

दोन्ही महिने चांगले आहेत. ऑक्टोबरात पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि शिखरे दिवसभर दिसतात, परंतु वाटेवर आणि टी-हाउसमध्ये गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते. त्या महिन्यात बंगालच्या उपसागरातील वादळांवर लक्ष ठेवावे लागते. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळाच्या शेपटाने अन्नपूर्णा भागात अचानक मोठी हिमवृष्टी होऊन अनेक ट्रेकर्स आणि त्यांचे सोबती दगावले. एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग जमतात, पण टेंगबोचे आणि डेबुचेच्या उतारांवर गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, आणि शिखर चढणाऱ्या मोहिमा आलेल्या असल्यामुळे बेस कॅम्पवर हिमनदीवर तंबूंचे गावच वसलेले असते. ऑक्टोबरात तेथे बहुधा दगड, बर्फ आणि पताकाच दिसतात.

आपल्यासाठी मी एप्रिल सुचवीन. त्याचे कारण असे की आपल्याला हिवाळाभर सराव करता येईल. सातारच्या मे महिन्याच्या उन्हात किंवा पावसाळ्यातल्या निसरड्यावर ऑक्टोबरची तयारी करण्यापेक्षा ते सोयीचे आहे. पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन अजिंक्यताऱ्याच्या लागोपाठ दोन फेऱ्या करा, आणि त्या सावकाश करा. सावकाश चालण्याचीही सवय करावी लागते.

एक सूचना राहिली होती. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, मधली डोंगररांग ते झाकते. शिखर पाहायचे ते काला पत्थरवरून. बहुतेक तुकड्यांना पहाटे चारला, अंधारात, कडाक्याच्या थंडीत तेथे नेतात. आपल्या गाइडला विचारून पाहा की बेस कॅम्प दुपारपर्यंत आटोपला आणि आकाश स्वच्छ असेल, तर त्याच संध्याकाळी किंवा सकाळी उजाडल्यावर निघता येईल का. सूर्य एव्हरेस्टच्या मागून उगवतो, त्यामुळे पहाटे शिखर काळेच दिसते. मावळतीचे ऊन मात्र थेट त्याच्या कड्यावर पडते. पतींची तपासणी झाली की काय निघाले ते येथे जरूर कळवा.